काचेच्या माणसाचं तोंड

भूत, देवचार, चकवा... असलं काही कानावर आलं की मी सरळ विषय बदलायचे. आचऱ्याच्या शाळेत विज्ञान शिकवत होते ना! आजही मी हे सगळं मानते असं नाही. पण घरातल्या एका वस्तूपुढे माझं विज्ञान गप्प बसतं.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. माझा मोठा भाऊ — दादा — मुंबईत प्रयोगशाळेच्या काचनळ्या बनवायचा. कारखाना बंद पडला आणि तो घरी आला. मागच्या पडवीत भट्टी लावली, आणि फुटक्या सोडाबाटल्या, कंदिलाच्या काचा वितळवून परग्रहावरची माणसं करू लागला. चार हातांची, माशासारख्या कपाळाची, पोकळ छातीची.

"ह्येंका हवा लागणा नाय गो," तो ऐटीत सांगायचा.

"मगे तू नळयेतसून फुकतस ता काय?" मी चिडवायचे. तो खो खो हसायचा.

त्याने सगळ्यात मोठा पुतळा केला तो नेमका गावपळणीच्या तोंडावर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते — देवाचा कौल झाला की अख्खं आचरा गुरं, कोंबड्या, कुत्र्यांसकट वेशीबाहेर राहुट्यांत जातं. तीन रात्री गावात चिटपाखरू नसतं. पुतळ्याचं तोंड दादाच्या मनासारखं जमलं नव्हतं. आल्यावर पुन्हा तापवून करू म्हणून त्याने ते उघडंच ठेवलं. त्या भोकात मी स्वतः बारीक सळी घालून पाहिली होती, म्हणून खात्रीने सांगते. मग काच हळूहळू निवावी म्हणून त्याने पुतळा भट्टीतल्या गरम राखेत पुरला, आणि आम्ही कुलूप लावून निघालो.

परत आलो तेव्हा कुलूप तसंच होतं. दादाने राख उपसली... आणि पुतळ्याच्या तोंडावरून बोट फिरवलं.

"ह्यां तोंड कोणी बंद केल्यान?"

ओठ गुळगुळीत मिटलेले. सांधा नाही, डाग नाही. निवत्या भट्टीत काच अशी मिटत नाही, एवढं मलाही कळत होतं. आत मात्र धुकं होतं. यायचं, जायचं. दमट हवा अडकली असेल, असं मी आईला समजावलं.

त्या दिवसापासून दादाला धाप लागू लागली. नळी फुंकवेना, चार पावलं चालवेना. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, काही निघालं नाही. एका दुपारी तो खाटेवर पडला होता आणि माझं लक्ष फळीवरच्या पुतळ्याकडे गेलं. दादाने श्वास सोडला की आतून काच धुरकट व्हायची. घेतला की निवळायची. मी घाबरून हातोडी उचलली, तर आईने मनगट धरलं.

"फोडू नुको! तेचो जीव गेलो तर?"

मी हातोडी खाली ठेवली.

आंब्याच्या दिवसांत दादा गेला. डॉक्टरांनी नाडी पाहिली, भावकी जमली, तिरडी बांधून झाली. तेवढ्यात आई फळीकडे धावली.

"व्हरू नकात तेका! श्वास चलता हा, बघा!"

आणि खरंच... पुतळ्यात धुकं येत होतं, जात होतं. माणसं एकमेकांकडे बघू लागली. कोणीतरी शहाणं व्हायलाच हवं होतं. मी पुतळ्यावर टॉवेल टाकला आणि म्हटलं, "व्हरा."

पुरुषमंडळी स्मशानातून परतली, अंघोळी झाल्या. मग मी टॉवेल काढला. धुकं नव्हतं. काच काळी पडली होती. पदराने पुसली, जाईना. काजळी आतून धरली होती.

इतक्या वर्षांत मी हवा, दमटपणा, तापमान सगळं लावून पाहिलं. काहीच जुळत नाही. आईने मात्र तेव्हाच, पुतळा हातात घेऊन, मला हळू आवाजात विचारलं होतं, "गो, आत ही काजळी खंयसून इली?"

विज्ञानाची बाई मी... तिच्याकडे बघायचीसुद्धा माझी हिंमत झाली नाही.