घड्याळाची बाजू

एअरफोर्समध्ये सतरा वर्षं मी विमानांचे पंख तपासले, विमान उडवलं एकही नाही. बख्शी का तालाबच्या हवाई तळावर बदली झाली तेव्हा रिमोटचं विमान घ्यायचं मनावरच घेतलं. मला हवं होतं लढाऊ विमानासारखं, देखणं. दिल्लीच्या दुकानदारानं मात्र पाठीवर रुंद पंख असलेलं, नवशिक्यांचं एक बोजड मॉडेल पुढे सरकवलं. हातून चूक झाली तरी हे स्वतःच सावरतं, म्हणाला. एअरफोर्सच्या फिटरला नवशिका म्हणतो म्हणजे काय! माझ्या बारा वर्षांच्या लेकीनं तेच उचललं. मी फुगून बसलो, पण घरी आलं तेच, सुट्या भागांच्या खोक्यात.

तीन महिने जेवणाच्या टेबलावर लाकडी फासळ्या पसरलेल्या होत्या. पंखांवरची रंगीत फिल्म मी बायकोच्या इस्त्रीनं ताणून बसवली. त्यानंतर माझे युनिफॉर्म मीच इस्त्री करायचे असं ठरलं. कोणी ठरवलं ते विचारू नका.

लेक सगळी उत्तरेतच वाढलेली. मी मराठीत विचारायचो, ती हिंदीत उत्तर द्यायची आणि माझं डोकं फिरायचं. सातारकराच्या घरात हे काय चाललंय, म्हणून मी रोज एकदा तरी तडकायचो.

विमान जोडून झालं. शेवटची तपासणी म्हणून रिमोट तिच्या हाती दिला आणि मी शेपटीमागे बसलो. "डावं," म्हटलं. शेपटीची पट्टी उजवीकडे गेली. पुन्हा म्हटलं, पुन्हा उजवीकडे. जोडणी उलटी झालीय असं समजून मी रिमोटवरचं दिशा फिरवायचं बारीक बटण उलटं केलं. आता डावं म्हटलं की पट्टी डावीकडे जायला लागली. मी खूश.

रविवारी मलिहाबादच्या रस्त्याला, गहू काढलेल्या एका रानात गेलो. हे फुटलं तर दुसरं नाही, असं घरातून बजावलेलं होतं. इंजिन गुरगुरलं. मी रिमोटची काडी अलगद डावीकडे ढकलली आणि विमान पळालं उजवीकडे, थेट नाल्याच्या दिशेनं. कसंबसं इंजिन बंद केलं आणि तपासताना काडी कुठे दिली होतीस म्हणून लेकीवरच भडकलो.

ती शांतपणे म्हणाली, "पापा, आपने दायाँ ही तो बोला था."

मी डावं म्हणत होतो आणि तिला दायाँ ऐकू येत होतं, म्हणून ती काडी उजवीकडे देत होती. हिंदीत दायाँ म्हणजे उजवं! जोडणी पहिल्यापासून बरोबर होती. हसता हसता मी ढेकळांवरच बसलो. मग बटण पूर्ववत केलं, मनगटावरचं घड्याळ काढून तिच्या डाव्या हाताला बांधलं आणि सांगितलं, आजपासून दोनच बाजू, घड्याळाची आणि बिनघड्याळाची.

विमान उडालं. माझ्या हातानं उडालं! आनंद इतका झाला की मी त्याला फार लांब जाऊ दिलं. उन्हात त्याचा नुसता ठिपका उरला. ते कुठल्या बाजूला कलतंय ते मला कळेना.

"घड्याळ, बाबा," ठिपक्यावर नजर लावून शेजारून लेक म्हणाली. "घड्याळ!"

घड़ी नाही, पापा नाही. मी काडी डावीकडे दिली आणि ठिपका सरळ झाला.

उतरवताना प्रोपेलर मोडला, पण त्याचं कुणालाच काही वाटलं नाही. घरी परतताना ती सगळी हकीकत हिंदीत बडबडत होती. मी तडकलो नाही. घड्याळही परत मागितलं नाही.