नेसरीची गाडी

कोल्हापूरच्या घरात स्मार्ट डिस्प्ले घ्यायचा हट्ट माझा होता आणि तो बाबांसाठी होता. बाबांना विसरायला होतंय, अशी माझी खात्री झाली होती. पुण्याहून फोन केला की उचलायचे तेच. आईला द्या म्हटलं, तर म्हणायचे, "ती अंघोळीला गेलीय." तासाभराने पुन्हा केला तरी ती अंघोळीलाच गेलेली असायची. पाटबंधारे खात्यात जन्मभर फायली सांभाळलेला माणूस तीच सबब दोनदा सांगतो, म्हणजे पहिली त्याच्या लक्षात राहिलेली नाही, असा मी अर्थ काढला. आईची मला काळजी नव्हती. ती प्राथमिक शाळेची मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. महाद्वार रोडवर एखादी पन्नाशीची बाई समोर आली, तर चौथीत ती कुठल्या बाकावर बसायची हे सांगणारी.

राजारामपुरीतल्या दुकानात आम्ही तिघं गेलो. दुकानदार टक्कल पडलेला, बोलका माणूस होता. त्याने दोन डिस्प्ले काउंटरवर मांडले. एकाला कॅमेरा होता, दुसऱ्याला नव्हता.

"आम्हाला बिनकॅमेऱ्याचा द्या," बाबा लगेच म्हणाले.

"काका, कॅमेरा नसला तर लेक दिसणार कशी?"

"ती फोनवर दिसतीय की. घरात कुणी डोळा लावून बसायला नको."

दुकानदार हसला. "ह्याला झाकण हाय, काका. नको वाटलं की सरकवायचं."

मी कॅमेऱ्याचाच घेणार होते. तो माझ्या मोबाइलवरून मला हवा तेव्हा उघडता येणार होता. तिकडून कुणी उचलायचीही गरज नव्हती. बाबा पडले, गॅस चालू ठेवून बाहेर गेले, तर मला दिसावं, एवढाच हेतू. हे मी त्यांना दुकानात सांगितलं नाही. आई मोठ्या स्क्रीनवर सरकणारे फुलांचे फोटो बघत उभी होती आणि बाबांनी तिचा दंड धरून ठेवला होता. दुकानात गर्दी नव्हती. तरी दंड का धरलाय, असं मला तेव्हा वाटलंही नाही.

डिस्प्ले मराठी समजत नव्हता, हिंदी समजायचा. त्यावर बाबा कुरकुरले, पण आईला गंमत वाटली. शाळेत शिकवलेलं स्वच्छ हिंदी तिला खूप दिवसांनी वापरायला मिळणार होतं. स्वयंपाकघरात फळीवर, दार आणि जेवणाचं टेबल दोन्ही दिसेल असा तो मी ठेवला आणि पुण्याला परतले.

पहिले पंधरा दिवस बरे गेले. ऑफिसात जेवायच्या सुट्टीत मी उघडून बघायची. बाबा भाजी निवडताना दिसायचे. आयुष्यात कधी ओट्याजवळ न गेलेले बाबा कणीक मळताना दिसले, तेव्हा मला हसू आलं. मग दुपारी स्क्रीन काळा दिसायला लागला. झाकण लावलेलं.

"चुकून हात लागला असंल," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा काळा. तिसऱ्या दिवशीही. चार ते सहा, रोज.

शेवटी मी ॲपमध्ये शोधाशोध केली. घरात कुणी त्या यंत्राला काय विचारलं, याची यादी तिथे साठते हे मला माहीत नव्हतं. उघडली आणि वाचत गेले. 'आज कौन सा दिन है.' खाली पुन्हा तेच. पुन्हा तेच. एका सकाळीत नऊ वेळा. मग 'अभी सुबह है या शाम.' मग 'नेसरी की बस कितने बजे है.' हे रोज चारनंतर, दहा-दहा मिनिटांनी. आणि अलीकडच्या दिवसांत मधेच असंबद्ध अक्षरं, कुठल्याच भाषेतली नसलेली, आणि त्यापुढे यंत्राचं उत्तर, 'माफ कीजिए, मैं समझ नहीं पाई.'

बाबांचं एवढं वाढलंय, असं म्हणून मी डोळे मिटून बसले. नेसरी आईचं माहेर. बाबा तिकडे कशाला जायला निघालेत, हेही मनात आलं. प्रत्येक ओळीपुढे एक छोटा त्रिकोण होता. आवाज ऐकायचा. असंबद्ध ओळीपुढचा त्रिकोण मी दाबला.

आवाज आईचा होता. हिंदी नव्हतं, शाळेतलं मराठीही नव्हतं. लहान मुलीसारखा, गावाकडचा, रडवेला आवाज. "बाई, मी कुठं हाय? मला घरला जायचं हाय. गाडी गेली व्हय?"

ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये माझ्या आजूबाजूला माणसं जेवत होती. मी एकेक त्रिकोण दाबत गेले. सगळे आवाज तिचेच होते. मागे कुठेतरी बाबांचा आवाज, हळू, समजुतीचा. "आज गाडी न्हाय गं. उद्या जाऊया."

मी बाबांना फोन केला. ऐकल्याचं सांगितलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दीड वरीस झालं." मग म्हणाले, "तिनंच शपथ घातली होती. अजून तिला कळत होतं तेव्हा. पोरीला सांगू नका म्हणाली. मुख्याध्यापिका हाय मी, असलं कुणाला दिसायला नको म्हणाली."

शनिवारी सकाळच्या एसटीने मी निघाले. कऱ्हाड मागे पडलं तेव्हा राहवेना, म्हणून मोबाइलवर डिस्प्ले उघडला. झाकण उघडं होतं. स्वयंपाकघर रिकामं. मग आई आत आली. लग्नकार्यातली जांभळी साडी नेसलेली, हातात पर्स. पदराला पिन नव्हती. ती थेट स्क्रीनजवळ आली, इतकी जवळ की मला फक्त तिचे डोळे दिसत होते.

"आई," मी म्हणाले. "आई, मी आहे."

ती मागे सरकली. माझा चेहरा तिला समोर दिसत असणार. ती नीट बघत राहिली, मग अनोळखी माणसाशी बोलावं तशी अदबीने म्हणाली, "कोण पावणं? घरात कुणी न्हाय. मी पण निघालोयच."

"आई, कुठे जाऊ नकोस. बाबा कुठे आहेत? बस खाली."

"गाडी चुकंल," ती म्हणाली आणि वळली. मला दार दिसत होतं. ते उघडलं आणि उघडंच राहिलं. मी ओरडत राहिले. एसटीतली माणसं माझ्याकडे बघायला लागली. बाहेरच्या जिन्यावरून तिच्या चपलांचा आवाज खाली जात होता, तो मला कऱ्हाडच्या पुढे स्पष्ट ऐकू येत होता.

बाबा चौकात दूध आणायला गेले होते. मी फोनवर एवढंच म्हणाले, "स्टँडवर जा. नेसरीकडे जाणाऱ्या गडहिंग्लजच्या गाड्या लागतात तिथे." पुढचा पाऊण तास त्यांनी फोन उचलला नाही. मी ते रिकामं स्वयंपाकघर बघत बसले. बंद करायची हिंमत होईना.

आई मिळाली. गडहिंग्लजच्या गाडीत पुढच्या सीटवर, पर्स मांडीवर घेऊन, ताठ बसलेली होती. कंडक्टर बेल मारणारच होता. बाबा चढले तेव्हा ती बाजूला सरकली आणि त्यांना जागा दिली. त्यांना तिने ओळखलं होतं की नाही, हे बाबांनी मला कधी सांगितलं नाही. ते तिच्याशेजारी बसले आणि म्हणाले, "ही गाडी बिघडल्या. उतरूया." त्यावर ती उतरली.

मी घरी पोचले तेव्हा ती घरच्या साडीत चहा टाकत होती. अगदी नेहमीसारखी. "अगं, कधी आलीस? कळवायचं की आधी!" म्हणाली, माझे केस किती गळलेत त्यावर बोलली, दोन कप माझ्या हातात दिले. मग जवळ येऊन आवाज खाली आणून विचारलं, "ती मघाची बाई गेली का गं? सारखी आपल्या स्वयंपाकघरात डोकावतीया. तुझ्या बाबांना ठाऊक न्हाय."

डॉक्टरांनी नंतर जे सांगितलं ते बाबांना माहीतच होतं. गोळ्यांनी वेग कमी होईल, थांबणार नाही. डिस्प्ले मी त्याच संध्याकाळी काढून कपाटात ठेवला. महिन्यातले पंधरा दिवस मी आता कोल्हापुरातून काम करते. बाबांनी दाराला वरच्या बाजूला कडी बसवून घेतली आहे, तिचा हात पोचणार नाही इतक्या उंचावर. चार वाजले की मी लॅपटॉप मिटते आणि दोघीजणी पुढच्या खोलीत बसतो. गेल्या आठवड्यात तिने मला अगदी सहज विचारलं, तुमचं गाव कुठलं. मी कोल्हापूर म्हणाले. तिने मान हलवली आणि सांगितलं, तिथे तिची एक मुलगी असते.