विद्याधर तेंडोलकर उजेडात येतो

मुलुंडला पाच रस्त्याच्या अलीकडे एक चाळ होती. त्या चाळीच्या नाट्यमंडळात ज्याला सगळ्यांत जास्त नाटकं तोंडपाठ होती, तो माणूस प्रेक्षकांना कधीच दिसला नव्हता. विद्याधर तेंडोलकर. दिवसा कारखान्यात टाइमकीपर, संध्याकाळी मंडळाचा प्रॉम्प्टर. विंगेत स्टुलावर बसायचं आणि नट अडला रे अडला की त्याला पुढचं वाक्य सोडायचं, एवढंच काम. पण काय सोडायचा हो! पहिल्या रांगेतल्या माणसाला पत्ता लागत नसे आणि पलीकडच्या कोपऱ्यातल्या नटाला अक्षर न् अक्षर पोचे. अडलेल्याला त्याने कधी लटकत ठेवलं नाही.

आणि हाच माणूस चार लोकांसमोर उभा राहायचं म्हटलं की पांढराफटक पडे. कुडाळच्या शाळेत लहानपणी कविता म्हणायला उभा केला होता. तोंड उघडलं, आवाज फुटला नाही, चड्डी मात्र ओली झाली. सगळी शाळा खदाखदा हसली. आता तुम्ही म्हणाल, लहानपणीचं काय घेऊन बसलात! पण भीती काही वयाबरोबर पेन्शनीत जात नाही. कारखान्यात कुणाच्या निरोपाला ‘दोन शब्द बोला’ म्हटलं की विद्याधरला उचकी लागे. लग्नात नाव घ्यायची वेळ आली, तेव्हा बायकोने, सुगंधाने, त्याच्या वाटणीचा उखाणासुद्धा आपणच घेऊन टाकला होता.

सत्तावन्न सालच्या थंडीत मंडळाने एक खेळ लावला, तोही मदतीचा. स्टेशनाजवळ मृणालिनीबाई नावाच्या डॉक्टर पोलिओ झालेल्या मुलांसाठी दोन खोल्यांत दवाखाना चालवत. मालीश, व्यायाम सगळं फुकट. पण पायांना बांधायच्या लोखंडी पट्ट्या आणि बूट काही फुकट मिळत नव्हते, आणि त्या पट्ट्यांवाचून पोरं उभीच राहू शकत नव्हती. मंडळी एकदा दवाखाना बघायला गेली, तेव्हा विद्याधरही गेला होता. जयंती नावाची सात वर्षांची पोर पाणी प्यायला हातांवर सरपटत माठापर्यंत गेली. कुणी उचलायला गेलं तर म्हणाली, “नको, मी जाते.” त्या रात्री विद्याधर जेवला नाही.

खेळाच्या दिवशी दुपारी श्यामसुंदर, म्हणजे नाटकातला बाप, मुख्य भूमिका, गालाला रुमाल बांधून आला. गालगुंड! तिशीच्या घोड्याला गालगुंड! मृणालिनीबाईंनी एकदाच बघितलं.

“मुलं पुढे बसणार आहेत. हा स्टेजवर पाऊल ठेवणार नाही.”

संपलं. सगळ्यांच्या माना वळल्या त्या विद्याधरकडे.

“विद्या, तूच,” मंडळाचा सेक्रेटरी दशरथ म्हणाला. “पाठ तुलाच आहे.”

“वेड लागलंय का तुला? मी मरेन रे तिथे!”

“मर ना. पण तिसऱ्या अंकानंतर.” मग दशरथचा आवाज उतरला. “विद्या, खेळ नाही झाला तर तिकिटं परत घ्यावी लागतील यार. मग पोरांच्या पट्ट्या विसरा.”

सुगंधा घरून दाढी-मिशा चिकटवायला धावत आली. तिने नवऱ्याचा चेहरा पाहिला. “अहो, लोक काय खातले तुमका?” ती म्हणाली. विद्याधर अगदी खरं बोलला, “हो.”

खोटं कशाला सांगू, तो पळाला होता. शाळेच्या मैदानात मांडव घातला होता. त्या मांडवाच्या मागच्या बाजूने पळाला, पायात चपला, मिशी अर्धी चिकटलेली. आणि फाटकाशी त्याला ती पोरं दिसली. कुणी आईच्या कडेवर, कुणी बापाच्या पाठकुळी, एकामागून एक आत चालली होती. केसांना तेल, अंगात धुतलेले कपडे. आज आपल्यासाठी नाटक आहे म्हणून सगळी खुशीत. विद्याधर जरा वेळ तिथे उभा राहिला. मग परत आत आला आणि सुगंधाला म्हणाला, “मिशी नीट लाव.”

तिसरी घंटा झाली. पडदा वर गेला. पुढ्यात सतरंज्यांवर मुलं आणि त्यांच्यामागे अख्खं मुलुंड. डोळ्यांवर दिव्याचा झोत. नाटकातला बाप तापट, घर दणाणून सोडणारा. त्याचं पहिलंच वाक्य, “या घरात माझ्या शब्दाला काही किंमत आहे की नाही?”

विद्याधरने ते म्हटलं. अगदी बिनचूक म्हटलं. पण इतक्या वर्षांची सवय हो! त्याने ते विंगेतल्या आवाजात म्हटलं. कुजबुजून!

झालं. आधी खसखस पिकली. मग मागून आरोळी आली, “आवाज! आवाज!” कुणी ओरडलं, “बाबा, जेवून या!” आणि मग ज्याची धास्ती होती तेच, “पैसे परत!” लेकीचं काम करणारी प्रेमा समोर उभी होती. या गोंधळात तिची बोबडी वळली, वाक्य साफ उडालं. तिने सवयीने विंगेकडे पाहिलं. तिथे विद्याधरच्या स्टुलावर दशरथ बसला होता आणि घामाघूम होऊन पानं उलटत होता. प्रेमाचे डोळे भरले. ती आता रडणार, पडदा पडणार, सगळ्याची वाट लागणार!

आणि विद्याधरने पाहिलं, नट अडलाय.

स्वतःचा विचार करत राहिला असता तर तो तिथेच कोसळला असता. पण समोर कुणी अडलं की त्याला राहवायचं नाही. एवढ्या कल्लोळात तिला ऐकू तर गेलं पाहिजे! त्याने बेंबीच्या देठापासून तिचं वाक्य तिला सोडलं.

“शब्दाला किंमत आहे, बाबा! पण माणसाला?”

मांडव दणाणला. टाचणी पडली तरी ऐकू येईल असा चिडीचूप झाला. प्रेमाने तेच वाक्य, तेच शब्द, रडवेल्या आवाजात परत म्हटले. काय सांगू तुम्हाला! बाप लेकीच्या मनातला टोमणा आधीच ओळखतो, आपल्याच तोंडाने बोलतो आणि मग लेक तोच त्याला ऐकवते, असं लोकांना वाटलं. मागच्या रांगेतला कोणीतरी टवाळ हळूच म्हणाला, “आयला, झकास!” आणि खाली बसला.

मग जो आवाज सुटला तो सुटलाच. कुठे दडला होता इतकी वर्षं, देव जाणे. तिसऱ्या अंकात लेक घर सोडून जाते, तेव्हा हा बाप नुसता तिच्या नावाने हाक मारतो. ती हाक ऐकून बायका पदराने डोळे पुसत होत्या आणि मृणालिनीबाई चष्मा. विंगेत सुगंधा हात जोडून उभी होती. आपण या माणसाशी संसार केला, याची तिला पहिल्यांदा जरा भीती वाटली.

पडदा पडला. विद्याधर मागे जाऊन बादलीत भडाभडा ओकला. लोक हार घेऊन शोधत आले, त्यांना सुगंधाने पिटाळलं. पण मृणालिनीबाई जयंतीला कडेवर घेऊन आल्या तेव्हा सुगंधाला त्यांना अडवता येईना.

“ही ऐकत नाही,” बाई म्हणाल्या. “काकांना काही विचारायचंय म्हणते.”

जयंतीने त्याच्याकडे नीट पाहिलं. तोंडाकडे नाही, खाली.

“काका, तुमचे पाय लटपटत होते.”

“तुला दिसले?”

“हो. पहिल्यापासून. धोतर हलत होतं. मी पायच बघत होते.” तिने विचारलं, “मग तुम्ही पडला कसे नाहीत?”

विद्याधरला पोरीशी खोटं बोलवेना.

“पडेन, पडेन असंच वाटत होतं गं. शेवटपर्यंत.”

“लटपटत असले तरी उभं राहता येतं?”

“येतं.”

तिने मग डॉक्टरबाईंच्या कडेवरून त्याच्याकडे हात पसरले. “मग मला करा उभी.”

पट्ट्या अजून यायच्या होत्या. विद्याधरने बाईंकडे पाहिलं, बाईंनी मान हलवली. त्याने जयंतीच्या काखेत हात घातले आणि तिला अलगद जमिनीवर टेकवलं. तिचे पाय लटलट कापत होते. त्याचेही अजून थांबले नव्हते.

“सोडू नका हं,” ती म्हणाली.