आबांचा टीव्ही आणि टेलचं पाणी

माझे वडील, म्हणजे आमचे आबा, कालवा निरीक्षक होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण खातं अंगातून गेलं नाही. अजूनही निरवांगीच्या घरी आईनं माठातून तांब्या भरला की पाणी सांडलं का, हे ते मान वळवून बघतात. त्यांच्या ताब्यात शेळगावच्या बाजूला जाणारी एक चारी होती. मोठ्या कालव्यातून निघालेला लहान पाट म्हणजे चारी, आणि तिच्या शेवटाला म्हणतात टेल. आता या टेलला कुणाचं रान असावं? माझ्या मामाचं. आईच्या सख्ख्या भावाचं.

त्यामुळं आमच्याकडं पाहुणचार असा कधी झालाच नाही, जी काय झाली ती सुनावणी. मामा उंबऱ्याच्या आत पाय टाकायच्या आधी म्हणायचा, "दाजी, टेलला पाणी येत न्हाय." आबा म्हणायचे, "नियम हाय. आधी टेलला द्यायचं, मग वर वर यायचं. येतंय." आई म्हणायची, "आधी भाकरी खावा, मग भांडा." तक्रार आली की मात्र आबा, निवृत्तीनंतरही, दुसऱ्या दिवशी फटफटी काढून टेलपर्यंत जाणारच. आईही मागं बसायची. "मला काय पाण्यातलं कळतंय, पर बघून येते," असं म्हणताना तिच्या हातात भावासाठी केलेल्या लाडवांचा डबा असायचा.

मग आबांचे गुडघे गेले. गाडी रस्त्यापर्यंत जाते, पण चारीच्या भरावावरून पायीच जावं लागतं, आणि ते आता जमण्यासारखं नव्हतं. मामाची तक्रार मात्र फोनवरून चालूच होती. प्रत्येक फोननंतर आबा चिडायचे आणि मग गप्प व्हायचे. चिडलेले आबा मला चालतात, गप्प झालेले बघवत नाहीत. एकदा ते म्हणाले, "सगळी नोकरी टेलला पाणी पोचवण्यात घातली. ते पोचलं का न्हाय, एकदा डोळ्यानं बघाय मिळालं तर बरं हुईल."

मी बारामतीत राहते, खतांच्या पिशव्या आणि औषधांच्या बाटल्यांवरची चित्रं काढून पोट भरते, आणि कॉम्प्युटरमधलं मला सगळं कळतं असा घरच्यांचा समज आहे. तो मीच करून दिलेला आहे. मी म्हटलं, आबा, चारी तुमच्याकडं आणते. लासुर्ण्याचा एक लग्नाचे फोटो काढणारा गाठला. त्यानं ऐन आवर्तनात, म्हणजे कालव्याला पाणी सुटलेलं असताना, ड्रोन उडवून चारी तोंडापासून शेवटापर्यंत टिपली, सगळे तुकडे जोडून एक लांबलचक फिल्म केली आणि सवयीनं तिला सनई लावली. पाणी सोडायची दारं, मोऱ्या, बांध, सगळं सनईच्या सुरात चाललेलं. चारीचं लग्न लागायचं तेवढं राहिलं होतं.

सनई काढायला म्हणून त्याची पोर्टेबल ड्राइव्ह मी माझ्या लॅपटॉपला लावली, आणि तिथून माझे दिवस फिरले. फिल्म दिसत होती, पण सुधारलेली फिल्म परत त्याच ड्राइव्हवर ठेवता येईना. ड्राइव्ह म्हणजे एक फडताळ समजा. त्यात सामान कसं लावायचं, याची प्रत्येक कॉम्प्युटरची आपली रीत असते. तिला म्हणायचं फाईल सिस्टिम. परक्या घरच्या फडताळात आपल्याला मीठ सापडत नाही, तसंच हे. फोटोवाल्याच्या घरची रीत एनटीएफएस. माझा लॅपटॉप ते फडताळ उघडून बघायचा, पण आत काही ठेवायचा नाही, सोवळं पाळल्यासारखा. माझ्या लॅपटॉपची खास रीत लावावी, तर फोटोवाल्याचा कॉम्प्युटर ती ड्राइव्ह ओळखतच नाही आणि सगळं पुसून टाकू का, असं विचारतो.

मग मी शहाणपणानं मधला मार्ग काढला. माझी स्वतःची ड्राइव्ह घेतली, ती एक्सफॅट नावाच्या रीतीनं फॉरमॅट केली आणि सनई काढलेली फिल्म तिच्यावर ठेवली. ही रीत माझ्या लॅपटॉपला चालते, फोटोवाल्याला चालते, मोठ्यात मोठी फाईल पोटात घेते. निरवांगीला जाताना एसटीत माझी मान ताठ होती.

आबांच्या टीव्हीनं ती ड्राइव्ह बघितलीसुद्धा नाही. तो टीव्ही भावाच्या लग्नात आलेला. चालतो, पण जुना. त्याला एकच रीत कळते, तिचं नाव फॅट थर्टीटू. ती सगळ्यांना चालते, पण तिच्यात चार जीबीपेक्षा मोठी फाईल मावत नाही, आणि आमची चारी त्याहून बरीच मोठी होती. लॅपटॉपवर दाखवते म्हटलं, तर आबा म्हणाले, एवढ्याशा काचेत चारी बघू का आरशात भांग पाडू? भाऊ म्हणाला, नवा टीव्ही आणू. आबांनी त्याच्याकडं असं बघितलं की तो गोठ्यात जाऊन बसला.

मी बारामतीला परत आले, फिल्म दाबून दाबून लहान केली, ड्राइव्ह फॅट थर्टीटू केली आणि पुन्हा गेले. टीव्हीवर चित्र आलं. मी आबांच्या तोंडाकडं बघत होते. ते खुर्ची ओढत ओढत पार पडद्याला नाक लागेल इतके पुढं गेले.

"ह्यात पाणी हाय का चिखल?"

"पाणी आहे, आबा."

"तू बारामतीची. तुला चिखल कुठं ठाऊक हाय?"

खरं सांगायचं तर मलाही ते ओळखू येत नव्हतं. फाईल इतकी दाबली होती की पाणी, चिखल आणि डांबरी रस्ता सगळं एकाच रंगाचं लकाकत होतं. आबांना बघायचं होतं ते नेमकं तेवढंच, आणि मी नेमकं तेवढंच घालवलं होतं.

मी वैतागून त्यांना सगळ्या रीती समजावून सांगितल्या. कुणाला काय चालतं, कुणाला काय चालत नाही. ते डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं, झोपले. मग म्हणाले, "हे सगळं कुणाकुणाकडनं जातंय?"

"फोटोवाला, मग माझा लॅपटॉप, मग तुमचा टीव्ही."

"म्हंजी टेलला कोण?"

"तुमचा टीव्ही."

"मग नियम ठाऊक न्हाय का तुला? आधी टेलचं बघायचं." आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की जन्मभर टेलवाल्यांची बोलणी खाल्ली आणि आता स्वतःच टेलला बसलो. आई पदर तोंडाला लावून हसत होती. ती म्हणाली, "आता करा तक्रार."

तेव्हा ठरलं. रीत टीव्हीची, म्हणजे फॅट थर्टीटू, आणि फिल्म न दाबता तिचे तुकडे करायचे. हे मला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं, पण आपल्याला जास्त कळतं असं वाटलं की साधं सुचत नाही. तुकडे करताना आबांचे रोज फोन. "कुठं कापलंस?" मोरीच्या पुढं, आबा. "तितं कापू नगं. तितं एकजण पाईप टाकून पाणी चोरायचा. कापलं की त्यो सुटंल." पाणीचोराला रंगेहाथ पकडायची ही शेवटची संधी होती, आणि ती माझ्या कात्रीनं जाणार अशी त्यांना धास्ती.

बघायच्या दिवशी आबांनी मामाला मुद्दाम बोलावून घेतलं. साक्षीला. मामा आला, टॉवेल झटकला, "दाजी, टेलला..." एवढंच म्हणाला आणि आबांनी हात वर केला. "आज बोलायचं न्हाय. बघायचं." ते इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. मला तेव्हा कळलं की त्यांना भीती वाटतेय. पडद्यावर टेल कोरडी निघाली असती तर मामा जिंकला असता, पण त्याचं काही नव्हतं. इतक्या वर्षांची पायपीट फुकट गेली असती.

मी फक्त कापायच्या जागा बघितल्या होत्या, टेल नीट मीही बघितली नव्हती; तुकड्यांना मात्र ओळीनं मराठीत नावं दिली होती. टीव्हीला मराठी येईना. त्यानं नावांच्या जागी नुसते चौकोन दाखवले आणि स्वतःच्या मनानं सगळ्यात शेवटचा तुकडा आधी लावला. मी रिमोटकडं धावले. आबा म्हणाले, "राहू दे. बरोबर हाय त्याचं."

पडद्यावर टेल आली. ऊस हिरवागार, आणि त्याच्या कडेनं चारी काठोकाठ वाहत होती. पाणीच होतं, माझ्यासारख्या बारामतीकरणीलाही दिसेल असं. ड्रोन खाली उतरला. बांधावर एक माणूस खांद्यावर खोरं घेऊन, कपाळाला हात लावून वर बघत उभा होता. त्याच्या डोक्याला जो टॉवेल होता, तोच टॉवेल आता आमच्या सोप्यात मामाच्या मांडीवर होता.

आईनं आधी पडद्याकडं बघितलं, नंतर मामाच्या मांडीवरच्या टॉवेलकडं. मग आई म्हणाली, "दादा, त्यो तू हाईस का?"

"दिसतोय तर तसाच," मामा म्हणाला.

आबांनी रिमोटचं बटण दाबून चित्र थांबवलं. "पाणी हाय."

"हाय."

"कवापासनं?"

मामा टॉवेलच्या कडेचे दोरे ओढत बसला. "तुमी नोकरीत होता तवाबी यायचं, दाजी. कवा कमी, कवा ज्यादा. पर यायचं."

"मग तक्रारी कशापायी केल्यास?"

"पाणी येतंय म्हणलो असतो, तर तुमी टेलपतूर कशाला आला असता?" मामा आईकडं न बघता म्हणाला. "तुमी आला की हीबी यायची मागनं. आता तुमचं गुडघं गेलं, तर हिचं येणंबी बंद झालं. म्हणून फोन करत ऱ्हायलो."

आई पडद्याकडं बघत होती. पडद्यावर तिचा भाऊ, तिच्या माहेरचा बांध आणि वाहतं पाणी थांबून राहिलं होतं.

आबांनी घसा साफ केला आणि मी लहानपणी ऐकलेला, खात्यातला तो आवाज काढला. "तोंडी तक्रार चालत न्हाय. पुढल्या आवर्तनाला लेखी दे, की टेलला पाणी येत न्हाय. मग मला यावंच लागंल. भरावावर न्हाय, पर घरापतूर गाडीनं येईन. मागं कुणाला बसायचं असंल तर बसू दे."

मामानं मान हलवली. पुढचं आवर्तन अजून बरंच लांब होतं. आई उठून आत गेली आणि तिनं लाडवांचा डबा घासायला घेतला.