मांडवीचा गुलाबी रावस

ईरा आणि निहार, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, आजीचं सगळं घर पांढरं आणि न्हाणीघर तेवढं गुलाबी का? आजोबांनी घाईने कॉल बंद केला आणि नेट गेलं म्हणून सांगितलं. नेट गेलं नव्हतं. ते तुम्हाला काही भलतंच सांगायच्या आत मीच लिहिते.

मी एके काळी रंगकामाच्या धंद्याची मालकीण होते. फार दिवस नाही.

निवृत्त झाल्यावर आजोबांनी घरं रंगवून देणाऱ्या एका कंपनीची रत्नागिरीची फ्रँचायझी घेतली आणि माझ्या नावावर केली. (महिलांना सवलत होती. मला हे बोर्डावर स्वतःचं नाव वाचल्यावर कळलं.) कंपनीच्या रंगांची नावं इंग्रजीत.

"अगं, तू इंग्रजीची बाई. मराठी कर. गिऱ्हाईक खूश होईल," आजोबा म्हणाले.

मी नीटनेटकं काम केलं. मोबाइलवर रंग फसवे दिसतात, म्हणून गिऱ्हाइकांना नुसती नावं पाठवायची, ही शिस्तही माझीच. 'आयव्हरी'चं हस्तिदंती केलं. 'सॅमन'पाशी जरा अडले. आपल्या घरात मासा शिजत नाही. पण एका हॉटेलच्या मेनूकार्डावर सॅमनपुढे कंसात रावस वाचलं होतं. लिहिलं, रावस.

पहिलं गिऱ्हाईक मांडवीचे दत्तारामभाऊ. जन्म बोटीवर गेलेला. मुलीचा साखरपुडा घरीच करायचा होता. रावस हे नाव वाचताच त्यांनी हॉलसाठी तोच रंग सांगितला, किल्ली आमच्याकडे दिली आणि सगळे खरेदीला मुंबईला गेले. परत आले तेव्हा साखरपुडा दोन दिवसांवर होता आणि हॉल रंगून तयार. आम्ही दोघं कौतुक ऐकायला दारात उभे.

"बाई, ह्यो रंग कुठचा?"

"तुम्हीच निवडलात भाऊ. रावस."

भाऊ भिंतीजवळ गेले. "जन्म माझा दर्यावर गेला. असा लाजणारा रावस मला कदी गावला नाय."

त्यांच्या पत्नी, सुमनवहिनी, तडक बाजारात गेल्या. आल्या त्या हातभर रावस घेऊन. तो त्यांनी शेपटीला धरून भिंतीला लावला. मासा चंदेरी. भिंत गुलाबी, परदेशी सॅमनच्या मांसासारखी.

आजोबा चष्मा सावरत म्हणाले, "आतून थोडा गुलाबी असेल."

"मग भिंतीच्या आतून लावायचा होतात," वहिनी म्हणाल्या. "पोरीची साडी गुलाबी हाय. हितं उभी ऱ्हायली तर फोटोत नुसतं डोकं दिसंल तिचं."

आता एका मुलीचा साखरपुडा आणि आमचा धंदा, दोन्ही त्या माशावर लटकलेले. मी म्हटलं, "भाऊ, उद्या संध्याकाळी हाच रंग भिंतीवर असेल. एवढा रावस द्या."

मिरजोळ्याच्या रंगांच्या डेपोत नमुना दिला की मशीन तसाच रंग बनवून देतं. पण गाडीत माशाचं पाणी गळलं असतं. आजोबांनी मागच्या सीटवरचा लाडवांचा डबा उघडला, लाडू डॅशबोर्डवर मांडले आणि डबा पुढे केला.

"मॅडम, नमुना?" डेपोतल्या माणसाने विचारलं.

मी झाकण काढलं.

त्याने वाकून आत बघितलं. "लोक प्लास्टरचा तुकडा आणतात."

"आमचा हाच."

त्याने रावस फडक्याने टिपून मशीनखाली धरला. मशीनने क्षणात शेड नंबर दिला. आमच्या कंपनीत माशांची जाण असलेलं ते एकटंच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हॉल चंदेरी झाला. रावस परत दिला, तेव्हा वहिनींनी तो हुंगला आणि मांजराला हाक मारली. साखरपुड्याला भाऊ प्रत्येक पाहुण्याला भिंतीपाशी नेत होते. "हात लावून बगा. अस्सल आमचा रावस."

धंदा वाचला, असं आम्हाला वाटलं. पण पुढच्या गिऱ्हाइकाने फाटकाला 'मोहरी' सांगितला. मी 'मस्टर्ड'चं भाषांतर केलं होतं. त्यांना काळं फाटक हवं होतं. ते हळदीच्या अंगाचं झालं. बोर्ड आजोबांनीच उतरवला.

तर मुलांनो, फ्रँचायझी राहिली नाही. डब्यात पुन्हा लाडू कुणी भरले नाहीत. उरलेला गुलाबी रंग न्हाणीघराला लावला, तो टिकून आहे. आणि टिकून आहेत मांडवीने आम्हाला दिलेली नावं. मी रावसबाई. आजोबा रावससाहेब, त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून ते त्याला अजून रावसाहेब समजतात.