भैरूच्या दुधाचा तांब्या

सत्तावन्न साली चाकणच्या कांदा बाजारात सयाजीनं एक उद्योग केला, तो त्याच्या बायकोला अजून माहीत नाही. जोडीदार भैरू पलीकडच्या वखारीत गेला होता. सयाजीनं लिंबाखालचा त्याचा तांब्या उचलला, फडकं सोडलं आणि आतलं दूध उभ्याउभ्या पिऊन टाकलं. दुधात गूळ होता, म्हणून तर जास्तच राग आला.

राग जुना होता. दोघं एकाच तराजूवरचे मापाडी, पण मापं मोजायचा पुकारा भैरूचा. पहिल्या मापाला ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं, ही बाजाराची रीत. भैरूनं ‘लाभ’ म्हटलं की रस्त्यावरचे बैल कान टवकारत. सयाजीच्या पुकाऱ्याला शेळीही वळून बघत नसे. त्यात सयाजीच्या छबूबाईची भाकरी दुपारपर्यंत पाटीसारखी कडक, आणि तिकडं भैरूची रंभा नवऱ्याचे लाड पुरवतेय. शिमग्याला भैरू घासागणिक पाणी पिऊ लागला. पाडव्यापासून भाकरी आमटीत कुस्करायला लागला. अक्षय्य तृतीयेनंतर पेज, आणि मृग निघाला तसं नुसतं दूध. सयाजीनं हे सगळं मनात तिथीवार टिपून ठेवलं होतं; स्वतःच्या पोरांचे जन्मही त्याला इतके नीट ठाऊक नव्हते. सासऱ्यानं म्हैस दिली असणार, असं त्यानं बाजारभर सांगून टाकलं. भैरूचा सदरा अंगात खेळू लागला, तेव्हा हलकं खाणाऱ्यांचं असंच होतं म्हणाला. पुढं भैरूचा आवाज घोगरा झाला आणि पुकारा सयाजीकडं आला. त्या दिवशी त्यानं घरी शिरा करायला लावला.

तर भैरू परत आला. तांब्या उचलला, तो हलका लागला. त्यानं आत पाहिलं.

“मांजर आलं व्हतं वाटतं,” एवढंच म्हणाला.

सयाजीला मांजर सोयीचं होतं. मोठ्या मनाचा आव आणून त्यानं अर्धी भाकरी आणि चटणी पुढं सरकवली. भैरूनं बारकासा तुकडा मोडला, तो किती वेळ चावत राहिला, वर पाण्याचे तीन घोट घेतले. मग छातीच्या मधोमध हात ठेवून थांबला. घास गेला तसाच लाळेच्या फेसासकट परत आला. तोंड फिरवून त्यानं डोळे पुसले.

“लई दिवसांनी भाकरी बघितली, म्हटलं बघू उतरतीय का. हितं अडतंय राव. आठ दिवस झालं, दूधबी थांबत थांबत जातंय.”

“अन् वहिनींचं ते लाड?”

“कसलं लाड? रडत दूध तापवती ती.”

सयाजीच्या पोटातलं दूध दगडासारखं बसलं. त्यानं तराजू तसाच सोडला आणि भैरूला दंडाला धरून डॉक्टरांकडं नेलं.

तिथं भैरू म्हणाला, जरा पित्त हाय, चार-आठ दिवसांचं. सयाजीनं त्याला गप्प केलं आणि शिमगा, पाडवा, अक्षय्य तृतीया, मृग असं सगळं घडाघडा सांगितलं; सदरा सांगितला, आवाजही सांगितला. डॉक्टरांनी लिहिणं थांबवून विचारलं, सख्खे भाऊ का?

“न्हाई. माझं लक्ष असतं,” सयाजी म्हणाला.

डॉक्टरांनी समजावलं, की आधी कोरडं अडावं, मग मऊ, मग पातळ, आणि माणूस वाळत जावा, हे पित्ताचं लक्षण नव्हे. अन्ननलिकेत गाठ असू शकते, कॅन्सरचीही. घास अडतोय हे कळल्यावर पंधरा दिवसांतच यायला हवं होतं. आता एकही दिवस घालवू नका, पुण्याला जाऊन क्ष-किरणांचा फोटो काढा. त्यांनी तंबाखूचं विचारलं. भैरूनं चंची काढून टेबलावर ठेवली. सयाजीनं आपली खिशात आणखी खाली ढकलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीपाशी अर्धा बाजार भैरूला पोचवायला जमला. मागं एकदा सयाजी स्वतः पुण्याला गेला होता तेव्हा गल्लीच्या कोपऱ्यापर्यंतही कुणी आलं नव्हतं. ते त्याला इथंही आठवलंच. त्यानं गूळ घातलेल्या दुधानं भरलेला तांब्या पुढं केला. भैरू तांब्याकडं पाहून घोगरं हसला.

“मांजरानं आणलं व्हय?”

सयाजीनं फडक्याची गाठ पुन्हा आवळली.

“आज फोटोला उपाशीपोटी बोलावलंय. ऱ्हाऊ दे तुझ्याकडं. आलो की देशील.”

गाडी गेली. बाजारात सयाजीनं पहिलं माप घातलं आणि ‘लाभ’ म्हटलं, तर समोरचा हमालसुद्धा “काय म्हणालास?” असं विचारून गेला. तांब्या लिंबाखाली होता, फडकं बांधलेला. दुपारी तिथं खरंच एक मांजर आलं. सयाजीनं माप खाली टाकून त्याला पार रस्त्यापर्यंत हाकललं.