मधले अठ्ठेचाळीस दिवस

पडदेवाल्या मावशींचा एक नियम होता आणि तो त्या गिऱ्हाइकाला पहिल्याच भेटीत ऐकवायच्या. खिडकीवरचे दोन पडदे मधोमध नुसते भिडून चालत नाहीत, एकावर एक चार बोटं चढले पाहिजेत. "भिडले की झालं, असं तुम्हाला वाटतं. आणि मग सकाळी नेमकी त्या फटीतून उन्हाची तिरीप तुमच्या डोळ्यांवर येते, तेव्हा माझ्या नावानं खडे फोडता!" कापड थोडं जास्त लागतं म्हणून कुणी कुरकुर केली, तर त्या सरळ मेझर टेप गुंडाळून उठायच्या. चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या खिडक्या झाकल्या आणि एकाही खिडकीत फट राहू दिली नाही. म्हणून तर त्यांच्या हातून जे झालं, त्याचा मला अजून राग येतो. दुसऱ्या कुणाचं असतं तर हसून सोडून दिलं असतं.

मावशींनी लग्न केलं नाही. आई लवकर गेली, तेव्हा त्या सहा वर्षांच्या आणि ताई वीस वर्षांची. ताईनं त्यांना न्हाऊ घातलं, वेण्या घातल्या, शिवणाच्या क्लासची फी भरली. त्या ठुमकत चालायच्या म्हणून "ठमे" हे नावही ताईनंच ठेवलं. पुढं नवरा गेल्यावर ताई मुलाकडे गेली, ती पार समुद्रापलीकडे. तेव्हापासून मावशींचं वर्ष दोन भागांत वाटलं गेलं. ताईकडचे तीन आठवडे हा एक भाग आणि बाकी सगळं दुसरा.

त्या तीन आठवड्यांत त्या फार काही करायच्या असंही नाही. भाचा म्हणायचा, "मावशी, चल, तुला शहर दाखवतो." मावशी म्हणायच्या, "शहरं पळून जात नाहीत." दुपारी दोघी बहिणी एकाच पलंगावर आडव्या व्हायच्या. ताईला मध्येच डुलकी लागायची आणि झोपेतच तिचा हात चाचपडत मावशींच्या मनगटावर यायचा. मावशी तासन्‌तास कूस बदलायच्या नाहीत. हात मुंग्यांनी बधिर झाला तरी चालेल.

परतीच्या दिवशी मात्र रडारड नको, असं दोघींनी पहिल्याच वर्षी ठरवलं होतं. त्यावर ताईनं तोडगा काढला. विमानतळावर दरवाजासमोर एक लांब बाक होता. त्यावर बसून भाच्याच्या फोनवर पुढच्या वर्षीचं तिकीट काढायचं, आणि ते निघाल्यावरच एकमेकींना सोडायचं. अकरा महिने आधी काढलं की स्वस्तही पडायचं, पण ते नुसतं सांगायला. खरी गोष्ट अशी, की हातात पुढची तारीख असली की पाय उचलायचे. मग ताई म्हणायची, "नीट जा गं, ठमे. पोचलीस की फोन कर." मावशी म्हणायच्या, "करते." नऊ वर्षं हेच, एक शब्द इकडचा तिकडे नाही.

प्रवासाचा विमाही त्या वर्षाचा घ्यायच्या. भाच्याचीच अट होती ती. विमा कचेरीतले जुने साहेब न विचारता जुनी पॉलिसी संपली की दुसऱ्या दिवसापासून नवी लावून द्यायचे. यंदा साहेब निवृत्त झाले आणि त्यांच्या खुर्चीवर एक चुणचुणीत पोरगी बसली. तिनं विचारलं, "मावशी, नवी पॉलिसी कधीपासून लावू?"

आता, विचारायलाच नको होतं. मावशींनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. जुनी पॉलिसी चार दिवसांनी संपत होती आणि विमान त्यानंतर अठ्ठेचाळीस दिवसांनी. कापडाची चिंधीसुद्धा फेकायची नाही, उशीच्या अभ्र्याला लावायची, ही त्यांची जात. त्या म्हणाल्या, "विमानात बसेन त्या दिवसापासून लाव. मधले दिवस मी घरीच आहे, त्यांचा कसला विमा?"

"पण तिकीट काढलंय ना तुम्ही?"

"काढलंय की! दहा महिने झाले."

"मग मध्ये खंड नका पाडू, मावशी. जुन्या पॉलिसीला लागूनच घ्या. तिकीट रद्द करायची वेळ आली, तर ज्या दिवशी काही होतं, त्या दिवशी पॉलिसी चालू असावी लागते. समजा तुम्ही आजारी पडलात, किंवा तिकडं तुमच्या बहिणीलाच काही—"

"ए बाई, तोंड सांभाळ!" मावशी एकदम उसळल्या. "आणि हे तिकीट रद्द होत नसतं. नऊ वर्षांत झालं नाही."

मावशींनी सांगितली तीच तारीख पोरगीनं घातली. मावशी घरी आल्या त्या स्वतःवरच खूश. अठ्ठेचाळीस दिवस वाचवले म्हणून!

त्यातल्या एकतिसाव्या दिवशी दाताच्या दवाखान्यात पडदे लावायचे होते. शिडी नेहमीची, पडद्याची दांडी नेहमीची. दोन्ही पडदे ओढून चार बोटं नीट चढतात का ते बघायला मावशी वरच्या पायरीवरून जरा मागे वाकल्या, आणि शिडीसकट खाली आल्या. घोट्याचं हाड दोन ठिकाणी मोडलं. आत पट्टी आणि स्क्रू बसवावे लागले. डॉक्टरांनी विमानाचं नाव ऐकल्याबरोबर मान हलवली. "तीन महिने तरी नाही."

दुखण्यानं त्या रडल्या नाहीत. विमा कचेरीत फोन केला तेव्हाही आवाज खणखणीत होता. पोरगीनं हळूच विचारलं, "कुठल्या तारखेला पडलात, मावशी?" मावशींनी तारीख सांगितली. त्या दिवशी कुठलीच पॉलिसी चालू नव्हती.

"निदान आठवडाभर आधी जरी आला असतात, तरी मी तारीख अलीकडे आणून दिली असती," पोरगी म्हणाली. "मी तेव्हाच जोर करायला हवा होता."

"तू केलास गं. मीच शहाणी." एवढं बोलून मावशींनी फोन ठेवला. तिकिटाचे पैसे बुडाले. वर्षभर बाजूला टाकून साठवलेले पैसे होते ते, लगेच दुसरं तिकीट काढायला हातात काही नव्हतं. पण पैशाचं दुःख पैशाएवढंच असतं. ताई एकोणऐंशीची होती. तीन आठवडे हुकले म्हणजे काय हुकलं, हे मावशींना कुणी सांगायला नको होतं. तो मनगटावरचा हात यंदा नाही. आणि पुढचं कोण सांगणार? दोन दिवस त्यांनी ताईला सांगितलंच नाही. तिसऱ्या दिवशी सांगितलं, तर ताई एवढंच म्हणाली, "बरं. पाय उंचावर ठेव." आणि मग जरा वेळानं, "तुझी खोली आवरून ठेवली होती मी."

विमानाचा दिवस उजाडला. मावशी खुर्चीत, पाय स्टुलावर, स्टुलावर उशी. सकाळी नऊला फोन वाजला, विमा कंपनीचा निरोप. 'आजपासून आपली पॉलिसी लागू झाली आहे. आपला प्रवास सुखाचा होवो.' मावशी आधी हसल्या. मोठ्यानं, एकट्याच. मग हसताहसता तोंडावर पदर घेऊन अशा रडल्या की समोरच्या शिवणयंत्रावर अर्धवट टाकलेला पडदासुद्धा दिसेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना ताईचा चेहरा दिसला, फोनवर. मागे लोकांची वर्दळ होती, चाकांच्या बॅगा खडखडत होत्या. आणि तो लांब बाक.

"ताई! तू विमानतळावर काय करतेस?"

"दर वर्षी येते. यंदा काय झालं?"

मागून भाचा म्हणाला, "ऐकेचना, मावशी. तुझ्या विमानाची वेळ झाली म्हणून सकाळपासून कोट घालून दाराशी बसली होती."

"अगं, पण मी नाहीये त्या विमानात!"

"माहीत आहे. मी काय खुळी आहे?" ताईनं डोळे पुसले नाहीत, नुसती दरवाजाकडे बघत राहिली. "घरी बसवेना. इथं निदान कुणाची तरी माणसं येताना दिसतात. एक बाई आली, मागून अगदी तूच. तश्शी ठुमकत चालत होती. मी उठलेसुद्धा."

मावशींनी पदरानं फोनची काच पुसली.

"आता तिकीट काढ," ताई म्हणाली. "त्याशिवाय मी या बाकावरून हलणार नाही. याला सांगितलंय, अर्धे पैसे हा घालेल. आणि नाही म्हणायचं नाही."

नऊ वर्षांत मावशींनी भाच्याकडून दमडी घेतली नव्हती. त्या दिवशी त्या नाही म्हणाल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "पाच मिनिटं थांब," आणि दुसरा फोन लावला, विमा कचेरीत.

"बाळ, मी पडदेवाली मावशी. आज पुन्हा तिकीट काढतेय, पाच महिन्यांनंतरचं. आजपासून ते धरलं जाईल ना?"

"पॉलिसी कालपासून चालू आहे, मावशी. पायाचं मात्र आधी कळवावं लागेल. थांबा, आत्ताच नोंदवून घेते." की-बोर्डची टकटक झाली. जरा वेळानं ती म्हणाली, "झालं. कंपनीनं मान्य केलंय. काढा तुम्ही. आणि पुढच्या वर्षी..."

"पुढच्या वर्षी लागून. एक दिवसाची फट नको." मावशींनी मापाची वही ओढली आणि पॉलिसी संपायची तारीख पहिल्याच पानावर लिहिली, दोनदा अधोरेखित करून.

तिकीट निघालं. भाच्यानं फोन पुन्हा ताईच्या तोंडासमोर धरला.

"किती दिवस?" ताईनं विचारलं.

"एकशे एक्कावन्न."

ताईनं ओठांतल्या ओठांत आकडा घोळवला. "जमेल मला," ती म्हणाली. मग भाच्याचा हात धरून सावकाश उभी राहिली, कोटाचं वरचं बटण लावलं आणि दर वर्षी बघायची तसं नीट बघून म्हणाली, "नीट जा गं, ठमे. पोचलीस की फोन कर."

मावशींचा पाय स्टुलावर होता, आणि त्या घराबाहेर पडून अठरा दिवस झाले होते.

"करते," त्या म्हणाल्या.

आणि दुसऱ्या दिवशी दुपारी चारला, दर वर्षी ताईकडून परतल्यावर मावशी आपल्या घराचं कुलूप उघडायच्या त्या वेळेला, त्यांनी खरंच फोन केला.

"ताई, पोचले गं."

"बरं झालं," पलीकडून ताई म्हणाली. "मी वाटच बघत होते."